बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, सँ-दनीहून

सँ-दनी, पॅरिसजवळ
२२ जानेवारी

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचं पत्र मिळालं. राजाला मारणाऱ्या फ्रेंचांनी पुढे नेपोलियनला सम्राट म्हणून डोक्यावर का घेतलं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुढे येतंच. आपण फोनवर बोलतोच, तरी तुम्ही शाईच्या पेनाने चार पानं लिहून पाठवता, म्हणून मीही कागदच घेऊन बसले आहे. आधी काळजीचं. माझी तब्येत उत्तम आहे. खोकला गेला. घरात हीटर आहे आणि तो रात्रभर चालतो, विजेच्या बिलाचा विचार करून मी तो बंद करत नाही. आई, मी रोज वरण-भात करते. कढीपत्ता आणि तूरडाळ गार द्यू नॉरजवळच्या तमिळ दुकानांत मिळते. ऑफिसचं तुम्हाला माहीतच आहे, त्यात नवीन काही नाही.

मामांनी पाठवलेला तो व्हिडिओ मीही पाहिला. आई, सँ-दनीत दिवसाढवळ्या माणसं लुटतात असं त्यात म्हटलंय आणि तू दोन रात्री झोपली नाहीस असं दादा म्हणाला. मला वाईट वाटलं. पण गावाचं नाव बदनाम आहे म्हणून तिथे राहणारी माणसं वाईट असतात का? माझ्या मजल्यावर मालीहून आलेलं एक कुटुंब आहे. उशीर झाला तर त्यातल्या काकू दार किलकिलं करून मी आले का ते बघतात. भाडं पॅरिसपेक्षा पुष्कळ कमी आहे, म्हणून तर महिन्याचे पैसे वेळेवर पाठवता येतात. आणि हे गाव साधंसुधं नाही. मेट्रोच्या तेरा नंबरच्या लाइनवर माझं स्टेशन आहे, तिथून वर आलं की समोर सँ-दनीचं बॅसिलिका, म्हणजे जुनं मोठं चर्च, उभं दिसतं. फ्रान्सच्या जवळजवळ सगळ्या राजांना इथेच पुरत. आत सत्तराहून जास्त दगडी पुतळे निजलेले आहेत, हात जोडलेले राजे आणि राण्या, कुणाच्या पायाशी कुत्रा, कुणाच्या सिंह. मी बाजाराला जाते ते त्यांच्या दारावरून. आता सांगा, अशा ठिकाणी तुमची मुलगी राहते, यात काळजी करण्यासारखं काय आहे?

मोर्चांचंही तसंच. टीव्हीवर धूर दिसला की पॅरिस पेटलं असं समजू नका. इथे मोर्च्याचा मार्ग आणि वेळ आधी जाहीर होते, बहुतेक वेळा रेपुब्लिक, बॅस्टिल, नासियों या चौकांमधून तो जातो. त्या दिवशी मी दुसऱ्या मेट्रोने घरी येते. बॅस्टिलच्या चौकात आता तुरुंगाचा दगडही उभा नाही, बाबा. तुम्ही फळ्यावर काढायचात तो आठ बुरुजांचा किल्ला त्यांनी पार उतरवला आणि त्याचे दगड कॉन्कॉर्दच्या पुलाला वापरले. १४ जुलै १७८९ ला लोकांनी तो फोडला तेव्हा आत फक्त सात कैदी होते हे तुम्हीच सांगितलं होतंत.

आता इथल्या एका पद्धतीबद्दल लिहायचंय. फोनवर मी ती दोनदा सांगायचा प्रयत्न केला आणि आई दोन्ही वेळा म्हणाली, "मला काही कळलं नाही बाई." म्हणून सविस्तर लिहिते.

जानेवारी लागला की इथल्या प्रत्येक बेकरीत 'गालेत दे र्‍वा' दिसू लागते, म्हणजे राजांची गालेत. गोल, ताटाएवढी, पापुद्र्यांची, आत बदामाचं गोड सारण. मूळ सण ६ जानेवारीचा, बाळ येशूला बघायला तीन राजे आले त्या दिवसाचा. पण खातात महिनाभर. घरी, ऑफिसात, शाळेत, नगरपालिकेत, जिथे चार माणसं जमतील तिथे. गालेतमध्ये एक चिनी मातीची बोटाच्या पेराएवढी मूर्ती लपवलेली असते, तिला फेव्ह म्हणतात. पूर्वी खरोखरच घेवड्याचा दाणा घालत. कापताना कुणाला कुठला तुकडा मिळावा यात लबाडी होऊ नये म्हणून जमलेल्यांतलं सगळ्यात लहान माणूस टेबलाखाली जाऊन बसतं. वरचा माणूस एकेका तुकड्यावर सुरी ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" आणि टेबलाखालून नाव येतं. घरात मूल असेल तर ते ठीक. पण आमच्या ऑफिसात सगळ्यांत लहान एक पंचवीस वर्षांचा उंच इंजिनियर आहे, तोही सूट घालून टेबलाखाली गेला आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्याच्या तुकड्यात फेव्ह निघते तो त्या दिवसाचा राजा किंवा राणी. बेकरीवाले गालेतबरोबर पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट देतातच, तो डोक्यावर चढवायचा. राजाने राणी निवडायची, राणीने राजा. आणि पुढची गालेत त्याने आणायची. खाताना दातांना जपावं लागतं, आई, हे मी आधीच शिकून घेतलं. अजून एक राहिलं. काही घरांत एक तुकडा जास्तीचा कापतात, दारावर येईल त्या गरिबासाठी. आपण काकबळी ठेवतो त्याची मला आठवण झाली.

आता यात न समजण्यासारखं काय, ते सांगते. २१ जानेवारी १७९३ ला या लोकांनी आपल्या राजाचा, लुई सोळाव्याचा, शिरच्छेद केला. त्याच महिन्यात, त्याच शहरात, दरवर्षी घरोघर राजा निवडतात आणि टाळ्या वाजवतात. क्रांतीच्या काळात काहींना हे खटकलं होतंच. राजांचा सण नको, म्हणून गालेतला 'समतेची गालेत' म्हणायला लागले. नाव टिकलं नाही, गालेत टिकली. आजही राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादात जी प्रचंड गालेत येते तिच्यात फेव्ह घालत नाहीत, कारण प्रजासत्ताकाच्या घरात कुणी राजा निघता कामा नये. आणि २१ तारखेच्या सुमारास आमच्या सँ-दनीच्या बॅसिलिकात लुई सोळाव्यासाठी प्रार्थना होते, काळे कोट घातलेली म्हातारी माणसं येतात, तर दुसरीकडे काही कडवे प्रजासत्ताकवादी त्याच दिवशी मुद्दाम वासराच्या डोक्याचं जेवण करतात. काल ती प्रार्थनेला आलेली माणसं पायऱ्या उतरताना मी बाजाराच्या पिशव्या घेऊन पाहत उभी होते. बाबा, तुमचा प्रश्न मला तिथेच परत आठवला.

तुम्ही लिहिलंय की नववीच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी उठून विचारायचं, "सर, राजाला मारलं आणि दहा-बारा वर्षांत सम्राट डोक्यावर घेतला, मग एवढं रक्त कशासाठी सांडलं?" आणि तेव्हा तास संपत आलेला असायचा. तू तिथे आहेस तर शोध, असं तुम्ही लिहिलंत. मी गेले काही महिने रविवार त्यातच घालवले. जे सापडलं ते लिहिते.

तुम्हाला कर्जाचा तिटकारा आहे, म्हणून कर्जापासून सुरू करते. राजाचं सिंहासन गिलोटिनच्या, त्या शिरच्छेदाच्या यंत्राच्या, आधी कर्जाने हललं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांना खाली बघायला लावायला फ्रान्सने अफाट पैसा उसना घेतला. १७८८ साली सरकारच्या खर्चातला जवळजवळ अर्धा वाटा नुसता कर्जापायी जात होता. सरदार आणि चर्च मुख्य कराच्या बाहेर. जे कर देत होते त्यांच्याकडे देण्यासारखं उरलं नव्हतं. त्या वर्षी जुलैत गारपिटीने उभी पिकं गेली, मग भयंकर हिवाळा आला. १७८९ उजाडलं तेव्हा पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव साडेचौदा सू ला (सू म्हणजे तेव्हाचं नाणं) होता आणि मजुराची रोजची कमाई वीस-तीस सू. दिवसभर राबायचं आणि निम्मं किंवा त्याहून जास्त पावातच घालायचं. पैसा उभा करायला राजाने ५ मे ला व्हर्सायला, आपल्या राजवाड्याच्या गावी, चर्च, सरदार आणि सामान्य लोक अशा तिन्ही वर्गांची सभा बोलावली. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने जाहीर केलं की आम्हीच राष्ट्रसभा. पुढचं तुम्ही मला शिकवलेलं आहे.

पण एक गोष्ट पुस्तकात ओळभर होती आणि इथे आल्यावर मला ती डोंगराएवढी वाटते. ५ ऑक्टोबर १७८९. पॅरिसच्या बायका, बाजारात मासळी आणि भाजी विकणाऱ्या, पावसात चिखल तुडवत वीस किलोमीटर चालून व्हर्सायला गेल्या. पाव मागायला. दुसऱ्या दिवशी राजा, राणी आणि त्यांची मुलं यांना घेऊन त्या परत आल्या. तो राजा पुन्हा कधी व्हर्सायला राहायला गेला नाही. राजाला प्रजेच्या गावात आणून बसवलं ते बायकांनी, आई. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

राजा पॅरिसमधल्या तुइलरीच्या वाड्यात राहू लागला. त्याला अजून संधी होती असं मला मनापासून वाटतं. तेव्हा प्रजासत्ताक मागणारे थोडेच होते. लोकांना राज्यघटनेतला राजा चालला असता. पण २० जून १७९१ च्या रात्री तो नोकराच्या वेशात सरहद्दीकडे पळाला आणि जाताना एक कागद ठेवून गेला, की आजवर मी ज्याला ज्याला संमती दिली ती माझ्या मनाविरुद्ध होती. वाटेत एका गावच्या टपाल-घोड्यांच्या ठाण्यावरच्या माणसाने त्याला ओळखलं आणि व्हारेनला तो पकडला गेला. परत आणताना पॅरिसचे लोक रस्त्यांच्या दोन्ही कडांना उभे होते आणि कुणी टोपी काढली नाही. माझ्या मते राजेशाही त्या दिवशी संपली. पुढचं दीड वर्ष फक्त विधी उरकायचे राहिले होते. १७९२ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध सुरू झालं, शत्रूच्या सेनापतीने पॅरिस उद्ध्वस्त करण्याची धमकी दिली, १० ऑगस्टला लोक तुइलरीत घुसले, सहाशेच्या आसपास स्विस शिपाई मारले गेले. २१ सप्टेंबरला राजेशाही रद्द. जानेवारीत मतदान झालं तेव्हा ७२१ पैकी ३६१ जणांनी बिनशर्त मृत्युदंड मागितला. राजाच्या चुलतभावाचंही मत मृत्यूच्याच बाजूने पडलं.

त्याच १७९३ मध्ये आमच्या बॅसिलिकातल्या समाध्या फोडल्या. शिशाच्या पेट्या वितळवून गोळ्यांसाठी नेल्या आणि राजांची हाडं बाहेर दोन खड्ड्यांत टाकून वर चुना ओतला. मेलेल्या माणसाशी असं वागणं मला सहन होत नाही, ते कुणीही असोत. वाचताना पुस्तक मिटून ठेवलं. त्यानंतरच्या, क्रांतीच्या सरकारने माजवलेल्या वर्षभराच्या दहशतीबद्दल मी तुम्हाला काय सांगणार. रीतसर निकाल देऊन मारलेलेच सतरा हजारांच्या घरात होते. त्या दहशतीचा म्होरक्या रोबेस्पिएरही त्यातच गेला, जुलै १७९४ मध्ये.

म्हणजे त्या वेळच्या साध्या शेतकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याची वेठ गेलेली आहे. सरदाराला द्यायचा वाटा गेलाय. चर्चची आणि पळालेल्या सरदारांची जमीन सरकारने लिलावात विकली, त्यातला एखादा तुकडा त्याने किंवा गावातल्या सावकाराने घेतलाय. आता राजाचा भाऊ सरहद्दीपलीकडे बसून म्हणतोय की मी परत येईन. आला तर जमीन जाणार. पॅरिसमधलं पाच संचालकांचं सरकार निवडणुकांचे निकाल आवडले नाहीत की ते रद्द करतंय. कागदी नोटांची किंमत शून्यावर आलीय. एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट चालताना दिसतेय, ती म्हणजे सैन्य.

नेपोलियन तिथून आला. कॉर्सिका बेट फ्रान्सच्या ताब्यात आलं त्याच्या पुढच्या वर्षी, १७६९ मध्ये जन्मलेला. १० ऑगस्टला तुइलरी पडताना तो पॅरिसमध्येच होता, गर्दीतून बघत होता. ऑक्टोबर १७९५ मध्ये राजाच्या बाजूने उठलेल्यांवर त्याने पॅरिसच्या रस्त्यात तोफा डागल्या. बाबा, तो महिना तुम्हाला ओळखीचा वाटेल. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस शनिवारवाड्यात सवाई माधवराव गेले. मी दोन्हीकडच्या तारखा एका वहीत शेजारी शेजारी लिहिल्या आहेत. नोव्हेंबर १७९९, नेपोलियनने सत्ता बळकावली. चार महिन्यांनी, मार्च १८०० मध्ये, पुण्यात नाना फडणवीस वारले. १८०२ च्या उन्हाळ्यात नेपोलियन तहहयात कॉन्सल, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला, त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी केलेल्या तहावर सही केली. असईला शिंद्यांचा पराभव करणारा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच पुढे वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. मेणवलीच्या घाटावर तुम्ही मला नानांच्या वाड्याची गोष्ट सांगायचात तेव्हा हे जग एकच होतं हे मला कळलं नव्हतं.

आता उत्तर. लोकांनी राजा परत आणला नाही, बाबा. त्यांनी घराला राखणदार ठेवला आणि राखणदाराने किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. हे मी मनाने म्हणत नाही. २ डिसेंबर १८०४ ला पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये राज्याभिषेकाच्या वेळी त्याने घेतलेली शपथ वाचा. तो म्हणतो, प्रजासत्ताकाच्या भूमीचं रक्षण करीन, हक्कांची समानता पाळीन आणि पाळायला लावीन, आणि राष्ट्रीय मालमत्तेची जी विक्री झाली ती कधीही फिरवली जाणार नाही. मुकुट घालताना लिलावातल्या सातबाऱ्याची हमी! लुईच्या घराण्यातला कुणी ही शपथ घेऊच शकला नसता. १८०८ पर्यंतच्या नाण्यांवर एका बाजूला 'सम्राट नेपोलियन' आणि दुसऱ्या बाजूला 'फ्रेंच प्रजासत्ताक' असं कोरलेलं आहे. लोकांना त्यात विसंगती वाटली नाही, कारण त्यांच्या लेखी तो सम्राट म्हणजे परत न येणाऱ्या राजाची खात्री होता. त्याला मारायला बॉम्ब उडवला गेला, कट झाले, तेव्हा त्याची माणसं हेच म्हणाली की सत्ता वंशपरंपरेची केली तर एकाला मारून काही साधणार नाही. मग जनमत घेतलं. सुमारे ३५ लाख ७० हजार बाजूने, अडीच हजारांच्या आसपास विरुद्ध. पण मत उघड्या वहीत, आपल्या नावाने नोंदवायचं होतं. आता ते अडीच हजार किती मोठे होते ते बघा.

किंमत किती पडली तेही लिहायला हवं, नाहीतर तुमच्या त्या विद्यार्थ्याला मी अर्धंच उत्तर दिलं असं होईल. १८०० च्या जानेवारीत पॅरिसच्या ७३ वर्तमानपत्रांपैकी ६० एका फटक्यात बंद केली. क्रांतीने १७९४ मध्ये रद्द केलेली गुलामगिरी १८०२ मध्ये वसाहतींत पुन्हा आणली. आणि १८०४ च्या नागरी संहितेत, जिच्यामुळे सगळ्या पुरुषांना एक कायदा मिळाला, कलम २१३ असं होतं की नवऱ्याने बायकोचं रक्षण करावं आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी. नवऱ्याच्या परवानगीशिवाय तिने व्यवहार करायचा नाही. व्हर्सायला चालत गेलेल्या बायकांच्या मुलींना हे मिळालं. स्त्रियांचे हक्क लिहून काढणारी ओलँप द गूज तर १७९३ मध्येच गिलोटिनवर गेली होती. फ्रान्समध्ये बायकांना मताचा अधिकार १९४४ ला मिळाला आणि नवऱ्याला न विचारता स्वतःचं बँक खातं उघडायचा हक्क १९६५ ला. आई, तू तेव्हा जन्मली होतीस.

लूव्हरच्या संग्रहालयात दाविद या चित्रकाराने काढलेलं राज्याभिषेकाचं चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद. मधोमध सज्जात नेपोलियनची आई लेतिझिया बसलेली दाखवलीय. खरं म्हणजे ती समारंभाला आलीच नव्हती. धाकट्या मुलाने, ल्युसियांने, आपल्या पसंतीने लग्न केलं म्हणून नेपोलियन त्याच्यावर चिडला होता, आणि आई ल्युसियांची बाजू घेऊन रोमला जाऊन राहिली. चित्रकाराने तिला मागाहून चित्रात बसवलं. मी त्या चित्रासमोर फार वेळ उभी राहू शकले नाही. छकुलीच्या साखरपुड्याच्या फोटोत तुम्ही माझी जागा मोकळी ठेवणार म्हणालात, ते डोक्यात आलं.

तर ते आता लिहूनच टाकते. मी फाल्गुनात येऊ शकत नाही. माझ्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण त्याच दिवसांत आहे, नवीन कार्ड हातात येईपर्यंत देश सोडायची जोखीम घेता येत नाही. लग्नाला मात्र येणार. आठ दिवस आधी येणार, रुखवत मी लावणार, हे छकुलीला सांगा आणि तिला रडू देऊ नका. आजीच्या ऑपरेशनलाही मी नव्हते. ती फोनवर मला काही बोलली नाही, उलट मीच जेवले का ते विचारत राहिली. दादा आणि वहिनींनी दवाखान्यात रात्री काढल्या. मी इथून फक्त पैसे पाठवले. ते पुरेसं नाही हे मला कळतं, कुणी म्हणायची गरज नाही.

आई, पुण्याच्या स्थळाबद्दल. मुलगा शिकलेला आहे, फोटोतला चेहरा सालस आहे, मी नाही म्हटलेलं नाही. पण त्याच्या आईने तुला विचारलं की लग्नानंतर मुलगी माहेरी पैसे पाठवत राहणार का, आणि तू म्हणालीस, "नाही नाही, तेव्हा थांबेल ते." असं तू का म्हणालीस? माझ्याशी बोलून म्हणायचं होतंस. मी पाठवणार आहे. घराचं कर्ज फिटेपर्यंत आणि त्यानंतरही. माझ्या कमाईचं काय करायचं ते मी आणि जो कुणी असेल तो, दोघं मिळून ठरवू, त्याच्या आईने आधी ठरवायचं नाही. मी वरचं सगळं तुला टोमणा मारायला लिहिलं असं समजू नकोस. बाबांनी विचारलं म्हणून लिहिलं. पण लिहिता लिहिता मलाच ते घट्ट कळलं. मुलाचा नंबर दादाकडून घेतला आहे, येत्या रविवारी मी स्वतः त्याच्याशी बोलेन आणि हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारेन. त्याचं उत्तर चांगलं आलं तर मे महिन्यात भेटू, तुझी इच्छा असेल तशी चहा-पोहे घेऊन.

अजून एक, हे रागावू नका. कंपनीने कामाचा करार दोन वर्षांनी वाढवला आहे आणि मी सही केली. पगार थोडा वाढला. म्हणून या महिन्यापासून चाळीसऐवजी पन्नास हजार येतील. त्यातले दहा आजीच्या फिजिओथेरपीला, बाकी नेहमीप्रमाणे कर्जाच्या हप्त्याला. बाबा, माझ्या लग्नासाठी म्हणून बँकेत ठेवलेली ती मुदत ठेव मोडा आणि छकुलीच्या लग्नाला वापरा. हात आखडून लग्न करू नका आणि नवीन कर्ज तर अजिबात काढू नका. आईच्या पाटल्या मोडायच्या नाहीत, हे मी दादालाही बजावलं आहे.

आजीला गुडघ्याचा व्यायाम चुकवू देऊ नका. वहिनींना सांगा, त्यांच्यासाठी घेतलेली शाल मे महिन्यात आणते. बाबा, उत्तर पटलं नाही तर तसं लिहा, मी पुन्हा शोधेन. नाण्यांचा फोटो दादाच्या फोनवर पाठवला आहे, त्याला मोठा करून दाखवायला सांगा.

आजीला साष्टांग नमस्कार, छकुलीला अनेक आशीर्वाद.

तुमची लेक